यूव्ही फिल्टर : लेन्सचे कवच की अडथळा?

प्रश्न : मी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला. लेन्सच्या सुरक्षेसाठी यूव्ही फिल्टर लावाच, असे दुकानदार म्हणतो. खरेच गरज आहे का?

उत्तर : फिल्मच्या काळात हा फिल्टर आवश्यक होता. अतिनील किरणांमुळे डोंगरांच्या फोटोंवर निळसर धूसरपणा यायचा, तो या फिल्टरने कमी व्हायचा. डिजिटल सेन्सरसमोर असे किरण अडवणारी काच आधीच असते. त्यामुळे आता हा फिल्टर म्हणजे फक्त संरक्षक काच.

समुद्रकिनारी, धुळीत किंवा होळीच्या रंगात तो जरूर लावा. खारे तुषार वाळले की काचेवर पांढरे ठिपके उरतात. ते लेन्सऐवजी फिल्टरवर पडलेले बरे. पुसताना मात्र आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, मगच मायक्रोफायबर कापड फिरवा.

कॅमेरा पडला तर फिल्टरवर फार विसंबू नका. त्याची काच पातळ असते. फुटली तर तिचेच तुकडे लेन्सला ओरखडे पाडू शकतात. धक्क्यापासून लेन्स हूड अधिक वाचवतो.

साध्या, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. म्हणूनच दिवाळीच्या रात्री पणत्यांचे फोटो काढताना चित्रात ज्योतींची भुतासारखी प्रतिबिंबे उमटतात. अशा वेळी फिल्टर काढून ठेवा.

घ्यायचाच असेल तर मल्टी-कोटेड घ्या. लेन्सवर ø चिन्हापुढे लिहिलेला व्यास पाहून त्याच मापाचा निवडा. चांगल्या लेन्ससमोर हलकी काच कधीही लावू नका.