गेटबाहेर पडण्याआधी

पोरा, सुटकेची तारीख कळली की आधी कागदांच्या मागे लाग. सुटकेचा दाखला मिळेलच, पण आधार कार्ड, शाळेचा दाखला, आत पास झालास त्या परीक्षांच्या गुणपत्रिका, सुतारकामाचं प्रमाणपत्र, हे सगळं तुरुंगातल्या गुरुजींकडून आत असतानाच मागून घे. मागाहून एका कागदासाठी त्याच गेटवर जायला पाय उचलत नाही. मुक्त विद्यापीठाचा कोर्स अर्धवट असेल तर पीआरएन किंवा एनरोलमेंट नंबर लिहून ठेव आणि आपल्या तालुक्याजवळचं अभ्यासकेंद्र मिळावं म्हणून अर्ज कर. यशवंतराव चव्हाणचा असो वा इग्नूचा, कोर्स सोडायचा नाही.

आता खरी अडचण. मालक विचारणार, "मधली वर्षं कुठं होतास?" गल्फला होतो म्हणून सांगणारे मी पाहिलेत. पोलीस व्हेरिफिकेशन झालं की सगळं उघडं पडतं आणि मग नोकरी जाते ती त्या खोट्यापायी. त्यापेक्षा एवढंच बोल: "एका गुन्ह्यात शिक्षा झाली होती, पूर्ण भोगून आलोय. तिथंच सुतारकाम शिकलो, हे प्रमाणपत्र. आठ दिवस काम बघा." इथं थांब. वकिलानं कसं बुडवलं, भावकीनं कसं अडकवलं, ते दुकानात उगाळत बसू नकोस. बराकीतल्या मित्रासमोर हे मोठ्यानं म्हणून बघ; पहिल्यांदा "शिक्षा" या शब्दाशी जीभ अडखळतेच.

तुझ्या बराकीतला कुणी कच्चा कैदी निर्दोष सुटला, तर त्याला निकालाची प्रमाणित नक्कल काढून ठेवायला सांग. कोर्टानं कुणाला परिविक्षेवर (प्रोबेशनवर) सोडलं असेल, तर 1958 च्या परिविक्षा कायद्याचं कलम 12 त्याच्या कामाचं आहे: दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता त्याला लागत नाही. पण फॉर्ममध्ये विचारलं तर त्यानंही लपवायचं नाही.

कामाचं म्हणशील, तर आत रंधा-पटाशीवर हात बसला असला तरी बाहेर प्लायवूड, सनमायका आणि मॉड्युलर किचन चालतं. मशीनची सवय होईपर्यंत मदतनीस म्हणून लाग, त्यात कमीपणा नाही. पहिल्या पगारातून स्वतःचा गुण्या आणि पटाशीचा संच घे. उसनी हत्यारं मागणाऱ्याला मिस्त्री लांबच ठेवतो.

कर्ज किंवा मदत लागली तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकाऱ्यांना भेट. मुंबईकडं राहणार असशील तर टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या) 'प्रयास'कडं जा. 1990 पासून त्यांचं हेच काम आहे. आणि दुसरी एखादी केस चालू असली तर तारखेची रजा मालकाकडं आठवडाभर आधीच माग, त्याच दिवशी सकाळी फोन करून नाही.