खोडकर गोऱ्ह्यास वळण कसें लावावें

मेडशी (ता. मालेगांव, जि. वाशीम) या भागांत सोयाबीन-तुरीच्या तासांतून डवरा नेण्यास बैलजोडी अद्यापि उपयोगीं पडते. परंतु जुंपतांच बसकण मारणारा किंवा लाथा झाडणारा गोऱ्हा ऐन डवरणींत धन्यास अडवितो. मारावें तर तो अधिक बिथरतो. विकावा तर खोड पाहून गिऱ्हाईक मागें फिरतें. यास्तव या प्रश्नाचा शास्त्रीय विचार आम्ही येथें करीत आहों.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं भुकेलीं मांजरें पेटींत कोंडून असें दाखविलें कीं, ज्या कृतीनें दार उघडून अन्न मिळतें, ती कृति मांजर उत्तरोत्तर लवकर करूं लागतें. स्किनर यांनीं १९३८ च्या आपल्या ग्रंथांत हा विचार पुढें नेला. सार इतकेंच कीं, ज्या कृतीच्या पाठोपाठ सुख मिळतें ती कृति वाढते.

आतां आपलें वर्तन पहावें. गोऱ्हा बसला कीं आपण कंटाळून जूं काढितों. म्हणजे बसण्याचें बक्षीस त्यास आपणच देतों!

यावर उपाय असा. प्रथम गोऱ्ह्याच्या खांद्यास सूज, खुरास जखम किंवा उन्हाचा त्रास नाहीं ना, हें पहावें. दुखण्यास खोड समजूं नये. नंतर शांत अशा जुन्या बैलासोबत त्यास नुसत्या जुवाखालीं थोडा वेळ चालवावें. चार पावलें नीट टाकतांच मूठभर ढेप द्यावी व मान खाजवावी. बक्षीस तत्काळ हवें. उशीर झाल्यास तें भलत्याच कृतीस लागू पडतें. कासरा ओढल्यावर तो वळतांच ओढ सैल करावी. तेंही बक्षीसच होय. तो बसल्यास ओरडूं नये, चाराही देऊं नये. स्वस्थ उभें रहावें. उठून कांहीं पावलें चालला कीं तेथेंच जूं सोडावें.

आरंभीं हट्ट थोडा वाढेल. तेव्हां डगमगूं नये. कधीं नमतें घेणें व कधीं न घेणें यानें खोड अधिक पक्की होते. म्हणून घरधनी, मुलें व सालगडी या सर्वांनीं एकच रीत पाळावी. वळण पडल्यावर ढेप हळूहळू कमी करावी.

खिळ्याची तुतारी तर वापरूंच नये. १९६५ च्या नियमांनीं ती निषिद्ध आहे. गोऱ्हा रोज शिकतच असतो. काय शिकवावयाचें, हें मात्र आपल्या हातीं आहे.