वेळेआधी तोड नाही

पोरी, साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचं सॉफ्टवेअर तुझ्याकडे आलं आणि त्यात जावाची डिलेक्यू वापरायचं तू ठरवलंस, हे ऐकून बरं वाटलं. क्यू, थ्रेड, लॉक हे सगळं तुला वालचंद कॉलेजात शिकवलेलं आहे. ते मी पुन्हा घोळवत नाही. पुस्तकात एका ओळीत उरकलेलं, पण कामावर मध्यरात्री उठवणारं जे आहे, तेवढं कानात घालून ठेवतो.

पहिलं म्हणजे ही रांग नेमकं काय कबूल करते ते समजून घे. आपल्याकडे कराडपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत उसाला तोड कधी मिळायची हे लागणीच्या नोंदीवरून ठरतं. जुलै-ऑगस्टातली आडसाली 16 ते 18 महिन्यांनी तुटते, ऑक्टोबर-नोव्हेंबरातली पूर्वहंगामी 14-15 महिन्यांनी, सुरू वर्षभराने, खोडवा त्याच सुमाराला. गट ऑफिसात कोण आधी येऊन उभा राहिला याला महत्त्व नसतं. कुणाचा ऊस आधी तयार झाला याला असतं. टोळी फडात आली, गाडी जुंपली, म्हणून कोवळ्या उसाला कोयता लावत नाहीत. डिलेक्यूचं वागणं हेच. थ्रेड 'टेक' करून घटक मागतो. कुणाची वेळ भरली असेल तर तो घटक हातात पडतो. अनेकांची भरली असेल तर ज्याची सगळ्यात आधी भरली तो पुढे. कुणाचीच भरली नसेल तर थ्रेड तिथंच थांबून राहतो, प्रोसेसरला कसलाही ताप न देता.

आता नीट ऐक. रांगेचा शब्द 'वेळेआधी नाही' एवढाच आहे. 'बरोबर वेळेला' असा शब्द तिने दिलेला नाही. तारीख भरली तरी टोळी दुसऱ्या फडात अडकली असेल तर ऊस उभाच राहतो. तसाच तुझा थ्रेड दुसऱ्या कामात गुंतला असेल तर वेळ भरलेला घटक रांगेतच बसून राहील आणि कुणाला काही कळणारही नाही. शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचं काम घटक उचलणाऱ्या थ्रेडलाच देऊ नको. एसएमएस देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर अर्धा मिनिट गप्प बसला की मागचे सगळे खोळंबतात. रांगेतून काढणाऱ्याने फक्त काढावं आणि पुढच्या थ्रेडपूलच्या हवाली करावं. शेतकी अधिकारी 'ठीक सहाला गेला पाहिजे' म्हणाले, तर त्यांना आदराने 'सहाच्या आधी जाणार नाही, सहा वाजल्यावर लगेच जाईल' असं सांग आणि तसंच लिहून घे.

रांगेत किती घटक आहेत हे विचारलंस तर ती वेळ भरलेले आणि न भरलेले असे सगळे मिळून आकडा सांगते. तो आकडा मोठ्या साहेबांच्या स्क्रीनवर 'प्रलंबित' म्हणून लावू नको; हजार घटक असतील आणि एकही देय नसेल. 'पीक' केलंस तर वेळ न भरलेला घटकही दिसतो, 'पोल' केलंस तर त्याच क्षणी नल मिळतो. दोन्ही बरोबर आहे. ज्याने कोड वाचलेला नसतो तो मात्र यात दोन दिवस घालवतो.

तो कोड वाचच. डग ली आणि त्यांच्या जेएसआर-166 गटाने 2004 साली जावा 5 मधून हे सगळं कॉन्करंट पॅकेज जगाला दिलं. डिलेक्यूचं 'टेक' एका पानात मावतं. आत एक प्रायॉरिटीक्यू, एक लॉक, एक कंडिशन आणि 'लीडर' नावाचा एक थ्रेड, बस. दहा थ्रेड वाट बघत असले तरी घड्याळ लावून झोपतो फक्त लीडर. बाकीचे नऊ मुदतीशिवाय झोपतात, म्हणजे एकाच घटकासाठी दहाजण दचकून उठत नाहीत. मध्येच आधीच्या वेळेचा घटक आला की लीडरचं पद रिकामं होतं आणि एका थ्रेडला हाक दिली जाते, तो नवी वेळ लावून बसतो. इतकं कमी लिहून इतकं साधलेला कोड मी फार थोडा पाहिला आहे. वाचताना प्रत्येक ओळीला 'ही नसती तर काय बिघडलं असतं' असं विचार.

आता तुझ्या हातात असलेल्या दोन गोष्टी: 'गेटडिले' आणि 'कम्पेअरटू'. बहुतेक घोळ इथंच होतात.

रांग 'गेटडिले'ला उरलेला वेळ नॅनोसेकंदात विचारते. तू मिलिसेकंदात मोजत असशील आणि आलेल्या एककाकडे न बघता तसाच आकडा परत दिलास, तर पाच सेकंद बाकी असताना रांगेला वाटतं की 5000 नॅनोसेकंदच राहिले. थ्रेड झोपतो, लगेच उठतो, विचारतो, पुन्हा झोपतो. घटक शेवटी वेळेवरच बाहेर येतो, म्हणून टेस्ट हिरवी दिसते. एक कोअर मात्र विनाकारण तापत राहतो. मागितलेल्या एककात 'कन्व्हर्ट' करून द्यायचं, यात हयगय नको.

'कम्पेअरटू'मध्ये दोन वेळांची वजाबाकी करून ती इंटमध्ये कोंबणं ही दुसरी सवय मोड. इंटमध्ये जास्तीत जास्त 2,147,483,647 मावतात, म्हणजे मिलिसेकंदात पावणेपंचवीस दिवसांच्या आसपास. उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचं असतं; तो फरक आरामात बसतो आणि सगळं ठीक चालतं. मग कुणीतरी महिन्याच्या अंतराची आठवण त्याच रांगेत टाकतो, चिन्ह उलटं होतं आणि महिन्यानंतरचा घटक आजच्या घटकापुढे जाऊन बसतो. त्याची वेळ भरलेली नसल्यामुळे रांगेच्या तोंडाशी तो अडून राहतो आणि मागचे देय घटकही बाहेर पडत नाहीत. कुठे एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये ओळ नाही. 'लाँग डॉट कम्पेअर' वापर, विषय संपला.

घड्याळाचं बोलू. संगणकाचं भिंतीवरचं घड्याळ पुढे-मागे सरकवलं जातं; एनटीपी ते सारखं करते, कधी माणूसही करतो. थोड्या वेळाच्या प्रतीक्षेला, म्हणजे पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न किंवा वीस मिनिटांनी सेशन बंद, अशा ठिकाणी 'नॅनोटाइम' धर. ते मागे जात नाही. मात्र त्याचा आकडा मशीन पुन्हा सुरू झाल्यावर निरर्थक असतो, तो डेटाबेसात ठेवायचा नाही. 'उद्या सकाळी सहा' अशा वेळेला भिंतीवरचंच घड्याळ लागतं. तिथं एक खाच लक्षात ठेव: लीडर झोपताना जेवढा वेळ मोजून झोपला, तेवढा तो झोपणारच, मधल्या काळात घड्याळ पुढे ढकललंस म्हणून तो लवकर उठत नाही. सर्व्हर यूटीसीवर असेल तर त्याची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते, आणि तोवर यार्डात गाड्यांची रांग लागलेली असते. वेळ साठवताना यूटीसीत, माणसाला दाखवताना भारतीय वेळेत. 'आजचा दिवस' कुठून सुरू होतो हे मात्र कोडमध्ये एकाच ठिकाणी लिहिलेलं असू दे.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचं ते हे. घटक रांगेत गेल्यावर त्याची वेळ बदलायची नाही. प्रायॉरिटीक्यू घटकाची जागा तो आत येताना ठरवते. नंतर तू त्याच्या पोटातली तारीख बदललीस तर तिला कळत नाही आणि तिची सगळी मांडणी बिघडते.

तू म्हणशील, तारखा बदलतातच की. बदलतात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णा-वारणेचं पाणी चढलं तेव्हा काठाकाठाचा ऊस पाण्याखाली गेला. बुडालेल्या उसाच्या शेंड्यात गाळ बसतो, कांडीवरचे डोळे फुटतात, वजन आणि उतारा दोन्ही घसरतात. असा ऊस लागणीच्या तारखेसाठी थांबवता येत नाही, त्याला आधी तोड द्यावी लागते. एखाद्याचा फड जळतो, तोही तातडीने न्यावा लागतो. म्हणजे तुझ्या प्रोग्रॅममध्ये तारीख बदलणं ही रोजची बाब धरूनच चाल.

सरळ उपाय म्हणजे जुना घटक काढून नवा टाकणं. पण 'रिमूव्ह' अख्खी रांग धुंडाळतं आणि घटक 'इक्वल्स'ने ओळखतं. ते तू लिहिलं नसशील तर तोच ऑब्जेक्ट हातात असल्याशिवाय काहीच निघणार नाही. म्हणून मला दुसरी पद्धत पसंत आहे. प्रत्येक नोंदीला डेटाबेसात आवृत्तीचा क्रमांक ठेव. तारीख बदलली की क्रमांक एकने वाढव आणि नव्या वेळेचा नवा घटक रांगेत टाक; जुन्याला हात लावू नको. तो त्याच्या वेळेला बाहेर येईल, तेव्हा त्याचा क्रमांक डेटाबेसातल्याशी ताडून बघ. जुळला नाही तर सोडून दे. रांगेत थोडी रद्दी राहते, पण बिघाड राहत नाही.

यातूनच पुढचं येतं. खरी नोंद नेहमी डेटाबेसात. रांग ही फक्त आठवण करून देणारी. डिलेक्यू मेमरीत राहते. वीज गेली, प्रोसेस मेली, नवी आवृत्ती चढवली, की सगळी रांग गेली. शिवाय तिला वरची मर्यादा नाही. 'पुट' कधीच थांबत नाही, टाकत गेलीस तर मेमरी संपेपर्यंत घेत राहते. म्हणून 16 महिन्यांपुढची तोड किंवा 14 दिवसांनंतरचं बिल या गोष्टी तिच्यात टाकायच्याच नाहीत. पुढच्या तासा-दोन तासांत ज्यांची वेळ भरणार आहे तेवढेच घटक डेटाबेसातून उचलून रांगेत घाल आणि ठराविक अंतराने पुन्हा उचल. उचलताना एकच नोंद दोनदा येईल, ते गृहीत धर.

दोनदा येणं एसएमएसच्या बाबतीत चालून जातं. शेतकरी एकच निरोप दोनदा वाचेल. पैशाच्या बाबतीत चालत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज. हा हिशोब ज्या घराच्या दारात जातो तिथं सोसायटीचं कर्ज असतं, पोरांची फी असते. तिथं चूक नको. घटक बाहेर आला की आधी डेटाबेसात 'काम हाती घेतलं' अशी खूण व्हावी, आणि तीही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन सर्व्हर चालू असले तरी एकच जण ते घेईल. पोस्टग्रेसमध्ये 'स्किप लॉक्ड' त्यासाठीच आहे. आणि मुदतीचं काम एकट्या रांगेवर सोडू नको. रोज एकदा अख्खा डेटाबेस चाळून काय राहून गेलं ते शोधणारं छोटं काम वेगळं ठेव. रांग चुकली तरी ते पकडेल.

रांगेतून काढणारा थ्रेड मरतो, हेही ध्यानात असू दे. एका घटकावर न पकडलेलं एक्सेप्शन आलं की थ्रेड संपला. रांग मात्र निमूट वाढत राहते. लूपच्या आत एक्सेप्शन पकड, लॉगमध्ये नोंद कर आणि पुढचा घटक घे. फक्त 'इंटरप्टेडएक्सेप्शन' गिळू नको. ते 'आता आवर' असं सांगायला आलेलं असतं. इंटरप्टची खूण परत लाव आणि लूपमधून बाहेर ये. थांबवण्यासाठी शून्य वेळेचा खास घटक टाकणारेही आहेत, पण तो आधी वेळ भरून गेलेल्यांच्या मागेच उभा राहतो आणि थ्रेड जितके तितके घटक टाकावे लागतात.

एसएमएस गेला नाही तर पुन्हा प्रयत्न कर, पण दर वेळी अंतर वाढवत: एक मिनिट, दोन, चार, आणि त्यात थोडा इकडेतिकडे फरक घाल. नाहीतर समोरचा सर्व्हर जरा उभा राहिला की तुझे सगळे घटक एकाच सेकंदाला त्याच्यावर कोसळतील. किती प्रयत्नांनंतर थांबायचं तेही ठरव, आणि थांबल्यावर तो निरोप चिटबॉयच्या यादीत दिसला पाहिजे. तो मोटारसायकलवरून जाऊन सांगून येईल.

टेस्टमध्ये 'स्लीप' लावून वाट बघत बसू नको. जावा 8 पासून 'क्लॉक' आहे. घटकाला घड्याळ बाहेरून दे, टेस्टमध्ये ते हवं तसं पुढे सरकव आणि 'पोल'ने तपास. 'टेक'ने तपासू नकोस. झोपलेल्या थ्रेडला तुझं खोटं घड्याळ दिसत नाही. 14 दिवसांची, 25 दिवसांची आणि 16 महिन्यांची अशा तिन्ही अंतरांची टेस्ट लिही.

आणि नुसतं 'दहा मिनिटांनी हे काम कर' एवढंच हवं असेल तर डिलेक्यू स्वतः हाताळायची गरज नाही, 'शेड्यूल्डथ्रेडपूलएक्झिक्युटर' पुरतो. आत त्याची स्वतःची अशीच रांग आहे. फक्त ठराविक अंतराने चालणाऱ्या कामात एक्सेप्शन सुटलं तर पुढच्या फेऱ्या तो गुपचूप बंद करतो, तेव्हा तिथंही आत पकडून ठेव. लाखो टायमर सतत टाकायचे-काढायचे असतील तर टायमिंग व्हीलकडे बघ. जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांनी 1987 मध्ये ते मांडलं, आणि काफ्कावाल्यांनी त्या चाकाचे कप्पे डिलेक्यूतच ठेवले आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांना तेवढी वेळ यायची नाही. तुला हंगाम सुरू व्हायच्या आत, गव्हाणीत मोळी पडायच्या आधी, आवृत्तीच्या क्रमांकाचं आणि रोजच्या चाळणीचं काम पुरं करायचं आहे. तेवढं झालं की मला कोड दाखव. 'कम्पेअरटू' आधी बघू.