पायरी मोजू या



आंब्यावरून पडून मज्जारज्जूला इजा झाली, की पाय कायमचे लुळे पडू शकतात. पण आयुष्य तिथे संपत नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले.

व्हीलचेअरवरच्या माणसाने दर अर्ध्या तासाने हातांवर भार देऊन अंग उचलावे. संवेदना नसल्याने बसून होणारी जखम त्याला कळत नाही. हा झाला त्याचा धडा.

आपला धडा वेगळा. महाड-पोलादपूरकडची घरे उंच जोत्यांची. सहा इंचांच्या पायरीला निदान सहा फूट लांब उतार हवा. त्याला उचलून आत नेण्यापेक्षा स्वतः येऊ देणे अधिक मोलाचे. आज घराची आणि चर्चची पायरी मोजू या.