प्लास्टर मूर्तीचं आणि हाताचं

प्रश्न : आमचा गणपतीचा कारखाना आहे. प्लास्टरच्या मूर्तीचा हात तुटला तर आम्ही काथ्या आणि ओलं प्लास्टर लावून तो जोडतो. पुतण्याचा कबड्डी खेळताना मनगटाजवळ हात मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, महिन्याभराने काढलं, तर हाड जुळलेलं. हे प्लास्टर आणि आमचं प्लास्टर एकच का? आणि वरून लावलेलं प्लास्टर आतलं हाड कसं जोडतं?
— एक मूर्तिकार, हमरापूर (ता. पेण)

उत्तर : पदार्थ एकच. जिप्समचा दगड साधारण १५० अंश सेल्सियसला भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, तापते आणि घट्ट होते. साच्यात ओतलेल्या प्लास्टरवर हात ठेवलात तर ही ऊब लागते. ओलं बँडेज गुंडाळल्यावर थोड्या वेळाने पुतण्यालाही ती जाणवली असेल, विचारून पाहा. जाळीच्या कापडावर ही भुकटी चोळून मोडलेल्या हाडांसाठी बँडेज करायची पद्धत नेदरलँड्सच्या लष्करातले शल्यवैद्य आंतोनिउस माथायसेन यांनी १८५२ साली छापून प्रसिद्ध केली. अजून तीच चालते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. प्लास्टर हाड जोडतच नाही. त्यातला एक कणही आत जात नाही. मोडलेली टोकं जागच्या जागी धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. जोडतं ते हाड, स्वतःचं स्वतः.

हाडाची घडण तुम्हाला पटकन कळेल, कारण तुमच्याच कारखान्यात तिचं सोंग रोज उभं राहतं. नुसत्या प्लास्टरची मूर्ती ठिसूळ होते म्हणून तुम्ही आत काथ्या घालता. हाडातही असा काथ्या आहे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे ते धागे. त्यांच्यात आणि त्यांच्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या क्षाराचे अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. वजनाने पाहिलं तर हाडाचा ६० ते ६५ टक्के भाग हा क्षार, २० ते २५ टक्के प्रथिनं आणि उरलेलं बहुतेक पाणी. क्षारामुळे हाड दाब सोसतं, धाग्यांमुळे ताण आणि पीळ सोसतं.

खात्री करायची असेल तर रविवारी कोंबडीच्या तंगडीचं हाड धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. अधूनमधून व्हिनेगर बदला. काही दिवसांत क्षार विरघळतो आणि हाड रबरासारखं वाकायला लागतं. आकार मात्र तोच. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यात पांढरं होईपर्यंत जाळा. आता धागे जळाले, क्षार उरला. बोटाने दाबलं की त्याचा चुरा होतो. पोरांना दाखवावा असा हा प्रयोग आहे, आणि शाळेत तो फारसा कुणी करून दाखवत नाही.

मूर्तीत नसलेली एक गोष्ट हाडात असते : कारागीर. तेही आतच राहणारे. ऑस्टिओब्लास्ट या पेशी आधी कोलॅजनचं जाळं विणतात आणि मग त्यावर क्षार बसवतात. काम करता करता त्यांतल्या काही स्वतःच भिंतीत चिणल्या जातात. त्या मरत नाहीत. ऑस्टिओसाइट हे नाव घेऊन तिथेच राहतात, बारीक बोळकांड्यांतून लांब तंतू पसरून शेजारणींशी संपर्क ठेवतात, आणि हाडावर कुठे किती भार पडतोय याची खबर घेतात. हाडातल्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त याच. तिसरी जात ऑस्टिओक्लास्टची. या मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी पांढऱ्या रक्तपेशींच्या कुळातल्या. त्या हाडाला चिकटून आम्ल सोडतात, क्षार विरघळवतात, विकरांनी धागे कापतात आणि जुनं हाड खाऊन टाकतात.

मोडणारे आणि बांधणारे मिळून मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा करतात. एका जागचं खोदकाम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, ती जागा भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. म्हातारपणी, आणि बायकांत पाळी गेल्यावर, खोदणं भरण्यापेक्षा जास्त होतं. मग साध्या पडण्यानेही खुब्याचं हाड मोडतं.

पुतण्याच्या हातात काय झालं ते आता सांगतो. हाड मोडल्यावर आत रक्त साखळलं. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी धागे आणि कूर्चा यांचा मऊ सांधा तयार झाला. मग ऑस्टिओब्लास्टनी त्याचं कच्चं हाड केलं. एक्स-रेत तिथे गाठीसारखा फुगवटा दिसला असेल. तो फुगवटा ऑस्टिओक्लास्ट पुढचे कितीतरी महिने तासत राहतात. मुलांच्या हाडावरचं आवरण जाड आणि पेशींनी भरलेलं असतं, त्यामुळे त्यांचं मनगट महिन्याभरात जुळतं. मोठ्या माणसाची नडगी मोडली तर तीन-चार महिने सहज जातात. मुलाचं हाड किंचित वाकडं जुळलं असेल तर वाढताना ते पुष्कळ अंशी सरळही होतं. मात्र प्लास्टर निघालं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. आत अजून कच्चं बांधकाम आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोराला कबड्डीच्या मैदानात उतरवू नका, तो कितीही हट्ट करो.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगतो. आपल्याकडे अजून पुष्कळ जण आधी हाडवैद्याकडे जातात. कांबट्या आवळून बांधल्या की रक्तपुरवठा तुटतो आणि हात कायमचा आखडू शकतो. बोटं बधिर झाली, निळी पडली, बोटं सरळ करताना असह्य कळ आली, तर बंधन कुणीही घातलेलं असो, त्याच तासाला रुग्णालय गाठा. खाण्यात नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, मोठ्या माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम) आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, दोन्ही उत्तम. त्याबरोबर डाळ, अंडी हवीतच. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी काथ्या तयार होत नाही.

प्रश्न : नात सहा महिन्यांची झाली. रोज टाळू तेलाने भरते, तरी अजून मऊ लागते, ठोकेही जाणवतात. तेल कमी पडतंय का?
— एक आजी, रोहा

उत्तर : नाही आजी, तेलाचा त्यात काही संबंध नाही. हातापायांची हाडं पोटात असताना आधी कूर्चेची बनतात आणि मग सातव्या-आठव्या आठवड्यापासून हळूहळू त्यांचं हाड होत जातं. कवटीची वरची हाडं मात्र थेट पातळ पडद्यात तयार होतात. जन्माच्या वेळी ती एकमेकांना चिकटलेली नसतात, म्हणून डोकं जन्ममार्गातून दबून बाहेर येऊ शकतं. शिवाय पहिल्या वर्षात मेंदू जवळजवळ दुप्पट होतो, त्यालाही जागा लागते. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची साधारण वर्ष-दीड वर्षात, कधी दोन वर्षंही घेते. सहा महिन्यांच्या बाळाची टाळू मऊ असणं आणि ठोके लागणं अगदी स्वाभाविक आहे. जन्मतः बाळाच्या अंगात तीनशेच्या आसपास हाडं असतात, ती जुळत जुळत मोठेपणी २०६ होतात. सगळ्यांत आधी घडायला लागणाऱ्या हाडांत गळपट्टीचं हाड येतं, आणि त्याचं आतलं टोक जुळतं पंचविशीच्या आसपास, सगळ्यांत शेवटी.

मालिश खुशाल करा, नातीला आवडत असेल. टाळूवर जोर देऊ नका, नाका-कानात तेल घालू नका. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार कमी असतं, म्हणून पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला डॉक्टर सांगतात. ते देता का, हे आधी सुनेला विचारा. या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने टाळू भरायला खरंच उशीर होतो. दोन वर्षांनंतरही ती उघडी असेल तर दाखवून घ्या. आणि जुलाब-उलट्या होत असताना टाळू खोल गेलेली दिसली, किंवा तापात ती फुगून टणक लागली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या.