विळा-कोयत्याची पात: काळी, चमकणारी की स्टेनलेस? गंज कुणाला कमी लागतो?



हळव्या भाताची कापणी तोंडावर आली. आता नवे विळे घ्यायची लगबग सुरू होईल. दुकानात एकाच आकाराचे विळे तीन-चार भावांत मिळतात आणि प्रत्येकाबद्दल "हा गंजत नाही" असंच सांगतात. पैसे देण्याआधी एवढं वाचा.

*गंज का चढतो?*
लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो. त्यात मीठ आलं की वेग वाढतो. म्हणून डहाणू, घोलवड, बोर्डीच्या खाऱ्या हवेत पात लवकर तांबडी पडते. चिकूचा चीक, गवताचा रस, चिखल पातीवर वाळू दिला तर तो ओल धरून ठेवतो. त्याच्याखाली गंज सुरू होतो.

*पातीचे ४ प्रकार*

१) *लोहाराची काळी पात:* भट्टीत तापवल्यामुळे वर काळा थर येतो. थर शाबूत असेपर्यंत थोडं संरक्षण मिळतं. पण तो वापरात तडकतो आणि खडबडीत जागी ओल बसते. फायदा असा की धार पटकन लागते आणि दुरुस्ती जवळच होते.

२) *घासून चमकवलेली साधी पात:* गुळगुळीत असल्याने चीक आणि पाणी कमी टिकतं, पुसायला सोपी. पण वर थर काहीच नाही. एक रात्र ओली राहिली तर सकाळी तांबडे ठिपके दिसतात.

३) *रंग किंवा निकेल-क्रोमचा मुलामा दिलेली:* थर अखंड आहे तोवर चांगली. दगडाला लागून चर पडली की तिथून गंज आत शिरतो आणि थर पोपड्यासारखा सुटतो.

४) *स्टेनलेस:* यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, म्हणून गंज सगळ्यात कमी. तरी खारं पाणी साचून राहिलं तर बारीक खड्डे पडतात.

*लक्षात ठेवायची गोष्ट ☝️*
वरचा थर कोणताही असो, धार लावली की धारेवरचा थर घासून जातो. म्हणजे पहिल्या तीन प्रकारांत धार उघडीच असते, आणि आपल्याला कामाला येते ती धारच. नुसत्या चकाकीसाठी जादा पैसे मोजू नका.

*ओळखायचं कसं?*
लोहचुंबकाने कळत नाही, कारण पातीच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. पातीच्या कोपऱ्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा. साधं लोखंड असेल तर सकाळी तांबडं होईल.

*कोणत्या कामाला कोणती?*
🌾 भात कापणी: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा. याने जमिनीलगत कापता येतं. खोडकिडीच्या अळ्या धसकटात राहतात, म्हणून कापणी खाली होणं महत्त्वाचं. गंजून बोथट झालेल्या विळ्याने हात आपोआप वर जातो.
🌳 चिकूची छाटणी: स्टेनलेसची किंवा गुळगुळीत पातीची कात्री. बोथट पात फांदी चिरडते, जखम लवकर भरत नाही.
🪵 लाकूडफाटा, कुंपण: लोहाराची काळी कोयती पुरेशी आहे.

*रोजची २ मिनिटं*
✅ काम संपलं की धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. दातेरी विळ्याला जुना टूथब्रश मारा.
✅ खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवा. फळं कापायच्या हत्याराला इंजिनचं जुनं तेल लावू नका.
✅ ओली कोयती आकडीत अडकवून ठेवू नका.
❌ खताच्या गोणीवर किंवा शेजारी हत्यार ठेवू नका. खत ओल ओढतं आणि लोखंड खातं.
❌ छाटणीत पात ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवत असाल तर शेवटी साध्या पाण्याने धुवून तेल लावाच. ब्लीचिंगने स्टेनलेससुद्धा गंजतं.

*गंज चढलाच तर*
चिंचेच्या पाण्यात २-३ तास ठेवा, घासा, धुवा, पुसा, तेल लावा. रात्रभर ठेवू नका, आंबट पाणी चांगलं लोखंडही खातं. मशीनवर धार लावताना पात निळी पडली तर समजा पाणी उतरलं. मग धार टिकत नाही. मधे मधे पाण्यात बुडवून थंड करा.

*हात कापला तर ⚠️*
धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो माती-शेणातल्या जंतूंमुळे होतो. म्हणून नव्या चकचकीत विळ्याने कापलं तरी धोका तोच. जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनबद्दल विचारा. हळद-माती लावून घरी बसू नका.

घरातला जुना विळा टाकून देण्याआधी त्याचा फोटो याच नंबरवर पाठवा. घासून चालेल की नवा घ्यावा लागेल, ते सांगतो. कापणीला मजूर लावणार असाल तर त्यांनाही हा मेसेज वाचून दाखवा.

– कृषी मार्गदर्शक, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, तलासरी