गिअरबॉक्स उतरवण्याआधी

कराड

चि. सुहास,

फोनवर बोलणं झालं, पण असले निर्णय फोनवर घाईत होतात, म्हणून लिहायला बसलो. गाडी जुनी, टाटा १६१३. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर सुटतो, मागून गुणगुण येते आणि मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग दोन्ही खोलू. तू हो म्हणायच्या बेतात आहेस. माझं सांगणं एवढंच, की काय बिघडलंय ते कळल्याशिवाय एक नटही फिरवू देऊ नकोस. गाडी एकदा खोलून पडली की मालकाचं काही चालत नाही. समोरचा सांगेल तो आकडा कबूल करावा लागतो.

सगळ्यात आधी चेसिस बघ. आंबा घाटातून जांभा चढवलेली गाडी आहे ती. पाट्यांच्या ब्रॅकेटांपाशी आणि क्रॉसमेंबरच्या रिव्हेटांशी चिकटलेली माती खरवडून काढ. तिथे चीर किंवा गंजाचे पापुद्रे निघाले, तर गिअरबॉक्समध्ये मोठा पैसा घालण्यात अर्थ नाही; चालती करून विकून टाक. ८ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं आणि गाडी जुनी होत जाते तशी त्याची फीही भरमसाट वाढते, तेही हिशेबात धर.

चेसिस चांगलं निघालं, तर आवाज ऐक. गिअर बदलल्यावर आवाज बदलत असेल तर शंका गिअरबॉक्सवर. कुठल्याही गिअरला आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच वेगळा होतो, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनची बेअरिंगं. फक्त वळणावर येत असेल तर स्टार गिअर. गाडी उचलताना एकच 'खट्' वाजत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून बघ. क्रॉस गेला म्हणून हाऊसिंग खोलायची गरज नसते. शाफ्ट सोडताना चाकांना ठोकळे लावायला विसरू नकोस. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही घरंगळते.

मग ऑइल काढ. दहा-वीस किलोमीटर फिरवून आणलेल्या गाडीचं, गरम असतानाच. गिअरबॉक्सचं वेगळ्या भांड्यात, हाऊसिंगचं वेगळ्या. प्लगच्या चुंबकावरचा काळपट लेप बोटांत चोळून बघ. मलमासारखा मऊ लागला तर ती रोजची झीज. टोचलं, कचकच लागली, तर आत दात नाहीतर बेअरिंग तुटतंय. ऑइलमध्ये पितळेसारखी पिवळी चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा झिजताहेत. हे पाच मिनिटांचं काम मिस्त्रीवर सोडू नकोस, स्वतः कर.

गिअर सुटतो म्हणजे दात गेले, असं लगेच धरू नये. लिव्हरची जोडणी आणि माउंटिंग तपासून घे. मग गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढून गोळी-स्प्रिंग आणि फोर्क बघायला सांग. स्प्रिंग दमली असेल तर काम किरकोळ खर्चात भागतं. फोर्क धड आणि दातांचे कोपरे गोल झालेले दिसले, तरच बॉक्स उतरव. उतरवलाच तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइलसील त्याच वेळी बघून घे. मजुरी एकदाच पडते. भंगारातला तयार बॉक्स स्वस्त पडेल असं कुणी सांगितलं, तर नको म्हण. तुझ्या बॉक्सची झीज तुला दिसते, त्या बॉक्सची दिसत नाही. शाफ्टचं माप उद्यमनगरात दाखवून, आहे त्याच बॉक्समध्ये नवे भाग घाल.

हाऊसिंगच्या ऑइलमध्ये तुकडे मिळाले तर मात्र उसाचा मोसम संपेपर्यंत थांबू नकोस. पिनियनचं बेअरिंग ढिलं पडलं की क्राऊनचे दात जातात आणि भरल्या गाडीचं चाक घाटात अडकू शकतं. क्राऊन-पिनियन जोडीनंच बदलायचं, कारण दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दात मोजून घे. आत ४१ आणि ७ ची जोडी असेल तर गुणोत्तर ५.८६, त्या जागी ४१ आणि ६ ची बसवली तर ते ६.८३ होतं. ओढ वाढते, पण सपाटीवर इंजिन उगाच जास्त फिरतं. बसवताना डायल गेज लावून बॅकलॅश मोजणारा आणि दातांना रंग लावून घासणीचा ठसा बघणारा फिटरच शोध. अंदाजानं शिम घालणाऱ्याकडे गाडी नेऊ नकोस.

पैशाचं शेवटी सांगतो, पण ते माझ्या जिवाला जास्त लागलंय. ऊसतोडीच्या टोळीसाठी साखर कारखान्याकडून घेतलेली उचल या कामात घालू नकोस. टोळी आली नाही तर गाडी दुरुस्त असूनही उभीच राहील आणि कारखान्याचं देणं डोक्यावर बसेल. कारखाने दिवाळीच्या आसपास सुरू होतील; त्याआधी जमेल तेवढंच काम हाती घे. खर्च एका मोसमाच्या भाड्यातून निघत असेल तर कर, दोन मोसम लागत असतील तर मला विचारल्याशिवाय करू नकोस.

ऑइल काढलंस की दोन्ही प्लगांवरचा लेप वेगवेगळ्या कागदांत पुसून घे, कुठला कशाचा ते लिही आणि घेऊन ये. तोवर मिस्त्रीला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
मामा